नवा एक्झॉस्ट लावला, आवाज वाढला; ताकदीचं काय?

वळणवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गाडी एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक, फ्युएल इंजेक्शनची. इंजिनातून निघणारा बेंड पाईप मूळचाच ठेवून मागचा सायलेन्सर तेवढा बदलला आहे, म्हणजे स्लिप-ऑन. नवा सायलेन्सर वजनाला बराच हलका, आतून सरळ भोकांची नळी आणि भोवती काचलोकर. तोंडाशी काढता येणारा डीबी किलर (आवाज दाबणारा तुकडा) होता, तो सध्या काढून ठेवलाय.

वरच्या आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) इंजिन मोकळं पळतंय असं वाटतं. आवाज भरदार झाला. पण चौथ्या गिअरमध्ये तीन-साडेतीन हजारांवरून उचलायला गेलं की गाडी जड लागते, पहिल्यासारखा पिकअप नाही. उतारावर थ्रॉटल सोडलं की मागून फटाके.

एक जाणकार म्हणतो, बॅकप्रेशर गेलं म्हणून टॉर्क (इंजिनाचा ओढण्याचा जोर) गेला, इंजिनाला थोडा अडथळा लागतोच. दुसरा म्हणतो, जितकं मोकळं तितकं चांगलं, बेंड पाईपसकट फुल सिस्टीमच घाल. दोघंही रोज इंजिनं खोलणारे आहेत. दोघांचंही एकाच वेळी खरं कसं असेल? फुल सिस्टीमवर पैसे घालण्याआधी आत काय घडतंय ते समजून घ्यायचंय.

शून्य ते साठ

पहिला बरोबर आहे. बॅकप्रेशर हवंच. सायलेन्सर पूर्ण काढून गाडी चालवून बघितलेल्या कुणालाही विचारा, खालचा दम जातो. डीबी किलर परत लाव, निम्मं काम होईल.

टॅपेट

डीबी किलर परत लावण्याचा सल्ला बरोबर, कारण मात्र वेगळं आहे. बॅकप्रेशर म्हणजे नळीतला सरासरी अडथळा. पिस्टनला जळलेला वायू बाहेर ढकलताना जेवढा जास्त जोर लावावा लागेल तेवढी ताकद वाया जाते. अडथळा कधीच टॉर्क देत नाही. टॉर्क देते ती दाबाची लाट, आणि ती कधी परत येते यावर सगळा खेळ आहे.

जरा सविस्तर लिहितो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की सायलेन्सरच्या जाहिराती वेगळ्या नजरेनं वाचता येतात.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टन खाली पोचायच्या आधीच उघडतो. धरून चालू क्रँकच्या (पिस्टनला जोडलेल्या फिरत्या दांड्याच्या) फेरीत ५० अंश आधी. तेव्हा सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे नळीत एक जोरदार दाबलाट सुटते. वायू स्वतः जितक्या वेगानं सरकतो त्याहून ही लाट खूप वेगानं धावते, कारण ती त्या गरम वायूतल्या ध्वनीच्या वेगानं जाते. नळीतल्या तापमानाला हा वेग सेकंदाला साधारण ५०० ते ६०० मीटर. लाट नळीच्या उघड्या टोकाला किंवा नळी एकदम रुंद होते तिथे पोचली की उलटी होऊन परतते: गेली दाब घेऊन, येते ओढ घेऊन. नळी अरुंद होते तिथून मात्र दाबाची लाट दाबाचीच राहून परत येते.

आता पिस्टन वर आला की थोडा वेळ इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असतात, त्याला ओव्हरलॅप म्हणतात. ओढीची लाट नेमकी तेव्हा पोचली तर ती उरलासुरला जळका वायू खेचून नेते आणि हवा-पेट्रोलच्या नव्या मिक्श्चरलाही आत ओढून घेते. झोक्याला योग्य क्षणी दिलेल्या धक्क्यासारखं आहे हे. क्षण चुकला तर तोच धक्का झोका अडवतो.

हिशेब करून बघू. व्हॉल्व्ह उघडल्यापासून ओव्हरलॅपच्या मध्यापर्यंत क्रँक सुमारे २३० अंश फिरतो. ६००० आरपीएमला एक फेरी १० मिलिसेकंदांची, म्हणजे २३० अंशांना साधारण ६.४ मिलिसेकंद. लाटेचा वेग ५५० मीटर धरला तर जाऊन-येऊन साडेतीन मीटर, म्हणजे एका दिशेला पावणेदोन मीटर लांबी. ९००० ला हेच गणित केलं की लांबी येते १.१७ मीटर. हा ढोबळ हिशेब आहे, प्रत्यक्षात तापमान नळीभर बदलतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीच्या लाटांचाही उपयोग करून घेतात. पण एक गोष्ट यातून स्पष्ट होते. एका लांबीची नळी सगळ्या आरपीएमला जुळू शकत नाही.

आणि आता वळणवाटच्या तीन-साडेतीन हजारांकडे या. ओढीची लाट व्हॉल्व्हकडच्या टोकाशी आपटून पुन्हा मागे जाते, उघड्या टोकाला पुन्हा उलटी होते आणि दाबाची लाट बनून परत येते. तिला दुप्पट वेळ लागतो. म्हणजे जी नळी ६५०० ला मदत करते ती त्याच्या निम्म्या आरपीएमवर, ओव्हरलॅपच्या वेळी, जळका वायू उलट सिलिंडरमध्ये ढकलते. टॉर्कच्या आलेखात जो खड्डा दिसतो त्याचं हे कारण. टोक जितकं उघडं, परावर्तन तितकं जोरदार, म्हणून फायदाही जास्त आणि खड्डाही खोल. डीबी किलरमुळे ते परावर्तन मवाळ होतं. गाडी सुधारते ती त्यामुळे.

शून्य ते साठ

लाटांचं मान्य. पण मग मोठ्या व्यासाचा पाईप घातला की खालचा टॉर्क का जातो? लांबी तीच, टोक तसंच. तिथे अडथळा कमी होणं हाच तर फरक आहे.

टॅपेट

चांगला प्रश्न. व्यास वाढला की अडथळा कमी होतो, पण वायूचा वेगही कमी होतो. पातळ नळीत वेगानं निघालेल्या वायूच्या खांबाला जडत्व असतं, तो पुढे सरकताना मागे ओढ निर्माण करतो. रुंद नळीत तो रेंगाळतो. शिवाय तीच दाबलाट मोठ्या जागेत पसरल्यामुळे क्षीण होते. वरच्या आरपीएमला वायू भरपूर असतो, तिथे रुंद नळी फायद्याची. खाली ती मोठी पडते. म्हणून वळणवाट, तुझ्या दोन्ही जाणकारांना जे दिसलं ते खरंच दिसलं होतं. पहिल्यानं खालचं इंजिन बघितलं, दुसऱ्यानं वरचं.

जुन्या ब्रिटिश एक सिलिंडर रेसर गाड्यांना मागे रुंद होत जाणारा मेगाफोन लावत. वरच्या पट्ट्यात त्यांचा जोर अफाट. पण त्या पट्ट्याच्या खाली आल्या की इंजिन अक्षरशः गुदमरायचं, आणि रायडर लोकांनी त्या दुखण्याला ‘मेगाफोनायटिस’ असं नावच दिलं होतं. मेगाफोनच्या टोकाला छोटा उलटा कोन जोडला की जोराचा पट्टा रुंद व्हायचा.

यामाहानं हेच दुखणं झडपेनं सोडवलं. १९८९ च्या एफझेडआर १००० ला एक्झप नावाची झडप होती. चारही सिलिंडरच्या नळ्या एकत्र येतात तिथे बसवलेली, सर्वोमोटरवर फिरणारी. खालच्या आणि मधल्या आरपीएमला ती अर्धवट मिटून नको असलेली परतीची लाट मोडते, वर पूर्ण उघडते. आज कित्येक गाड्यांना अशी झडप कारखान्यातूनच येते. लोक नवा सायलेन्सर घालताना ती काढून टाकतात आणि मग मधला टॉर्क शोधत बसतात.

निळा धूर

लाटांचा विषय निघाला आणि टू-स्ट्रोकचं नाव नाही असं कसं चालेल? फोर-स्ट्रोकला एक्झॉस्ट मदत करतो. टू-स्ट्रोकमध्ये तो इंजिनाचाच अर्धा भाग असतो.

टू-स्ट्रोकला एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह नाही, सिलिंडरच्या भिंतीत पोर्ट म्हणजे भोक आहे. नवं मिक्श्चर आत येताना हे पोर्ट उघडंच असतं, त्यामुळे त्यातलं बरंच सरळ बाहेर पळतं. एक्झॉस्टचा मधे फुगलेला भाग, म्हणजे एक्स्पान्शन चेंबर, याचसाठी. पहिला रुंद होणारा कोन ओढीची लाट परत पाठवतो, ती सिलिंडर साफ करते आणि नवं मिक्श्चर वर खेचते. त्यातलं थोडं पोर्टमधून नळीतही जातं. मग शेवटच्या अरुंद होणाऱ्या कोनातून दाबाची लाट परत येते आणि पोर्ट मिटायच्या आत ते पळालेलं मिक्श्चर परत सिलिंडरमध्ये कोंबते. एकही फिरता भाग नसलेला सुपरचार्जरच.

हे शास्त्र रेसिंगच्या कसोटीवर उतरवण्याचं मोठं श्रेय पूर्व जर्मनीतल्या एमझेड या मोटारसायकल कंपनीच्या वाल्टर काडेन यांना जातं. १९६१ पर्यंत त्यांचं १२५ सीसी इंजिन २५ हॉर्सपॉवर देत होतं, म्हणजे लिटरमागे २००, तेही सुपरचार्जरशिवाय. त्याच वर्षी त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे निसटला, सुझुकीत गेला आणि सोबत हे ज्ञानही गेलं. १९६२ चं ५० सीसीचं जगज्जेतेपद सुझुकीला डेग्नरनंच मिळवून दिलं. काडेन यांच्याकडे साधनं तुटपुंजी होती हे लक्षात घेतलं की त्या कामापुढे हात जोडावेसे वाटतात.

त्यामुळे टू-स्ट्रोकवाल्यांना कळकळीची विनंती: चेंबर कापून, शेवटची बारीक नळी मोठी करून ‘मोकळं’ करू नका. त्या नळीचा व्यास चेंबरमधला दाब ठरवतो. तो जास्त झाला तर ताकद जाते, फार कमी झाला तर पिस्टन वाचणं कठीण होतं.

मिक्श्चर

वळणवाट, फटाक्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. खर्चाचा निर्णय घ्यायच्या आधी हे तपास.

थ्रॉटल सोडलं की सिलिंडरमध्ये हवा कमी येते, जळणं अर्धवट होतं आणि थोडं पेट्रोल न जळताच गरम नळीत जातं. तिथे त्याला ताजी हवा मिळाली की फटाका. ही हवा दोन वाटांनी येते. एक, कारखान्यानं मुद्दाम ठेवलेली: उरलेलं जळण नळीत जाळून टाकावं म्हणून एक झडप एक्झॉस्ट पोर्टशी ताजी हवा सोडते. दुसरी वाट म्हणजे सांध्यातली गळती. टॅपेटनं सांगितलेली ओढीची लाट इथेही आहेच. सांध्यात फट असेल तर दाबाच्या वेळी धूर बाहेर येतो आणि ओढीच्या वेळी बाहेरची हवा आत खेचली जाते.

हीच गळती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर दुखणं दुहेरी होतं. सेन्सरला आगंतुक ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) वाटतं मिक्श्चर पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी आहे, तो पेट्रोल वाढवतो. गाडी ॲव्हरेज खाते आणि मालक सायलेन्सरला दोष देतो.

तपासणी सोपी आहे. इंजिन थंड असताना सुरू कर आणि सांध्यांजवळ कान दे, फुसफुस ऐकू येते. हात अंतरावर धरला तरी ठोके जाणवतात. जुनी गळती असेल तर काजळीची काळी रेघ दिसेल. सायलेन्सर जिथे बेंड पाईपवर चढतो तिथला ग्राफाइटचा गॅस्केट एकदा दबला की परत बसत नाही, दर वेळी नवाच घालायचा.

सांधे घट्ट असूनही अधूनमधून हलका फटाका येत असेल तर काळजी नको. मूळ सायलेन्सरमध्येही तो होत असतो, आतले कप्पे आणि धूर साफ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर तो लपवतात.

वळणवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काजळीची रेघ सापडली, सायलेन्सरच्या सांध्यालाच. गॅस्केट नवा घालतो आणि डीबी किलरही लावून बघतो. तोवर एक प्रश्न: ईसीयू आपोआप जुळवून घेतो असं सगळीकडे वाचतो. मग रिमॅप, म्हणजे त्यातला पेट्रोलचा तक्ता बदलणं, कशाला?

मिक्श्चर

अर्धंच जुळवतो. शांत, एकसारख्या वेगात ईसीयू सेन्सरचं ऐकतो आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास ठेवतो. बहुतेक गाड्यांचा सेन्सर त्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. थ्रॉटल पूर्ण उघडलं की ईसीयू सेन्सरला बाजूला ठेवतो आणि आरपीएम व थ्रॉटलच्या ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल देतो. तिथे जास्त ताकदीसाठी साधारण १२.५ ते १३ चं प्रमाण लागतं. नव्या एक्झॉस्टमुळे हवा जास्त भरू लागली तर तक्त्याला ते माहीत नसतं. मिक्श्चर पातळ पडतं आणि नेमकं जिथे इंजिनावर सर्वांत जास्त भार आहे तिथेच. नॉकिंग (इंधन अवेळी भडकणं), तापलेले व्हॉल्व्ह, पिस्टनवर खुणा, सगळं तिथून सुरू होतं.

स्लिप-ऑननं हवेत इतका फरक सहसा पडत नाही, मूळ तक्त्यातली सूट पुरते. फुल सिस्टीम आणि मोकळा एअर फिल्टर एकत्र घातला तर रिमॅपचा खर्च त्या सामानाचाच भाग समजायचा. तो परवडत नसेल तर सामानही घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चोक

कार्ब्युरेटरवाल्यांसाठी भर. पेट्रोल किती जायचं ते ठरवणारे भाग असे: पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट, पाव ते पाऊण सुई, त्यापुढे मेन जेट. नवा एक्झॉस्ट घातल्यावर कुठल्या उघडीपाशी गाडी अडखळते ते आधी बघा, मग त्या भागाला हात लावा. सगळे सरसकट मेन जेट मोठा करतात आणि अडखळणं असतं सुईच्या पट्ट्यात.

बंद ट्रॅकवर एक पारख करता येते. पूर्ण थ्रॉटलवरून किंचित मागे घ्या. गाडीनं उलट उचल घेतली तर मेन जेट लहान आहे. मंदावली तर साधारण जुळलंय.

बेंड पाईप निळा पडला म्हणून मिक्श्चर पातळ, हे मात्र डोळे झाकून मानू नका. एकेरी पत्र्याचा स्टेनलेस पाईप चांगल्या सेटिंगमध्येही रंग बदलतो. मूळ पाईप बऱ्याचदा दुहेरी असतो, आतला रंगतो आणि आपल्याला बाहेरचा दिसतो.

शून्य ते साठ

पण मोकळ्या आवाजात गाडी जास्त पळते हे तर प्रत्येकाला जाणवतं. सगळ्यांना एकदम भास होतो का?

मापक

भास नाही, पण मोजमापही नाही. कानाला जास्त आवाज म्हणजे जास्त वेग असा अर्थ लागतो. शिवाय आधी खड्डा आणि मग उसळी असा आलेख झाला की उसळी जास्त जोरदार वाटते, कारण तिच्या आधी गाडी मेलेली असते. सपाट टॉर्कची गाडी संथ वाटते आणि प्रत्यक्षात पुढे असते.

डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख वाचतानाही फसगत होते. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम: न्यूटनमीटर गुणिले आरपीएम भागिले ९५४९ केलं की किलोवॅट मिळतात. समजा नव्या सिस्टीमनं ४००० ला २ न्यूटनमीटर घालवले आणि ९००० ला २ कमावले. खाली तोटा दिसतो ०.८ किलोवॅटचा, वर फायदा दिसतो १.९ चा. देवाणघेवाण सारखीच, जाहिरातीत छापला जातो तो वरचा आकडा. रस्त्यावर आपण बहुतेक वेळ ४००० च्याच आसपास असतो. म्हणून शिखर बघू नका, रोज वापरता त्या पट्ट्यातली रेघ बघा.

मोजायचंच असेल तर त्याच दिवशी, त्याच डायनोवर, तोच गिअर, तीच टायरची हवा आणि इंजिन सारखंच तापलेलं. आधी जुना, मग नवा, मग पुन्हा जुना. दोन्ही जुन्या रेघा एकमेकींवर बसल्या तरच मधल्या रेघेवर विश्वास ठेवायचा. एक-दोन टक्क्यांचा फरक तर नुसता पुन्हा चालवल्यावरही पडतो.

वजनातला फायदा मात्र निर्विवाद. टायटॅनियमची घनता ४.५, पोलादाची ७.८. मागून, उंचावरून काही किलो कमी झाले तर गाडी वळवताना ते कळतं. माझ्या मते स्लिप-ऑनचा सर्वांत प्रामाणिक फायदा हाच.

आवाजाबद्दलही गांभीर्यानं सांगतो. डेसिबलचं प्रमाण सरळ नसतं. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट, १० वाढले की कानाला साधारण दुप्पट मोठा. संयुक्त राष्ट्रांचा मोटारसायकलच्या आवाजाचा नियम ४१ क्रमांकाचा आणि बदली सायलेन्सरचा ९२. जिथे ते लागू आहेत तिथे मंजूर सायलेन्सरवर वर्तुळातला ई कोरलेला असतो. ती मंजुरी डीबी किलरसकट असते. तो काढला की मंजुरी संपली. उभ्या गाडीची चाचणी नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांत माईक धरून करतात. कमाल ताकद ५००० आरपीएमच्या वर मिळत असेल तर ती त्या आरपीएमच्या निम्म्यावर घेतात.

कॅटलिटिक कन्व्हर्टर उडवणाऱ्या ‘डी-कॅट’ पाईपला माझा साफ विरोध आहे. आजचे चांगले कन्व्हर्टर फारसा अडथळा करत नाहीत. थोडक्या ताकदीसाठी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं सरळ मागच्याच्या छातीत सोडायची, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही.

वळणवाट

अपडेट. नवा गॅस्केट आणि डीबी किलर दोन्ही लावले. फटाके जवळजवळ गेले, कधीतरी एखादा हलका. चौथ्या गिअरमधला जडपणा पुष्कळच कमी. वरचा मोकळेपणा किंचित घटला असावा, चालवताना फरक कळत नाही. मापक म्हणतात तसं जुना-नवा-जुना मोजून घेणार आहे आणि आलेख इथेच टाकेन. फुल सिस्टीमचा विचार सध्या बाजूला ठेवला, माझं चालवणं बहुतेक सहा हजारांच्या खालीच असतं.

एक शेवटचं: सांधा पुन्हा गळू नये म्हणून बसवताना क्रम कसा ठेवायचा? आणि काचलोकर कधी बदलायची?

नटबोल्ट

सगळे बोल्ट आधी हातानं, सैल लावायचे. सायलेन्सरचं ब्रॅकेट, क्लॅम्प, हेडचे नट, सगळेच. नळी आपोआप आपल्या जागी बसू दे. मग आवळायला सुरुवात हेडपासून: दोन्ही नट आळीपाळीनं, थोडे थोडे, मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत. नंतर मधला क्लॅम्प, सर्वांत शेवटी मागचं ब्रॅकेट. उलट क्रमानं आवळलं तर नळीत ताण राहतो, तापल्यावर सांधा उघडतो किंवा ब्रॅकेट तडकतं. सुरू करायच्या आधी स्पिरिटच्या फडक्यानं पाईप पूस, बोटांचे तेलकट ठसे पहिल्या तापण्यात कायमचे भाजून बसतात. गाडी एकदा पूर्ण तापून थंड झाली की सगळं पुन्हा तपास. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) दाबून नळी कुठे घासत नाही ना तेही बघ.

काचलोकरीला ठरावीक मुदत नसते. आवाज हळूहळू कर्कश, पत्र्यासारखा होऊ लागला, किंवा सायलेन्सरचं बाहेरचं कवच पूर्वीपेक्षा जास्त तापून एका बाजूला रंग बदलू लागलं की आतली लोकर जळून उडाली समज. रिव्हेट ड्रिल करून टोपण काढायचं, भोकांची नळी तारेच्या ब्रशनं घासायची, नवी लोकर तिच्यावर घट्ट गुंडाळून आत सरकवायची. ठासून दगड करू नकोस, ध्वनी शोषायला तिच्यात हवा राहायला हवी. हातमोजे आणि मास्क घालूनच कर, ते तंतू कातडीत आणि घशात जातात. रिव्हेट स्टेनलेसचेच वापर.